दहा-दहाचे तीन सेट

महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या बहुतेक पदव्यांवर नाशिकचं नाव असतं. तिथल्या म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, 1998 सालचं. चार वर्षं स्नायू, हाडं, नसा पाठ करायच्या, वर सहा महिने इंटर्नशिप, हा आजवरचा क्रम. एवढं करून फिजिओ दवाखाना थाटतो, आणि पहिलाच पेशंट विचारतो, “मालिश किती वेळ करणार?”

हा पेशंट रिकाम्या हातानं येत नाही. एमआरआयची जाडजूड फाइल, गुडघ्यावर हाडवैद्याचा लेप आणि मोबाइलमध्ये मेहुण्यानं पाठवलेला व्हिडिओ. त्याला हवं असतं मशीन. वायरी लागल्या, मुंग्या आल्या, की पैसे वसूल! फिजिओ मात्र म्हणतो, “भिंतीला टेकून अर्ध्या बैठका. दहा-दहाचे तीन सेट. रोज.” पेशंटचा चेहरा पडतो. व्यायाम आपणच करायचा, तर फी कशाची? प्रश्न अगदीच गैर नाही. पण मशीननं दुखणं फार तर काही काळ दबतं. गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचा, आणि ते कमवावे लागतात.

नाशिकला सायकलचंही वेड. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीनं पूर्ण केली. अंतर सुमारे 4,800 किलोमीटर. त्यांचं पाहून उत्साही मंडळी महागड्या सायकली घेतात आणि पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात. गुडघा नको तितका दुमडतो, वाटीवर ताण येतो. सीट दोन बोटं वर घ्या म्हटलं, तर पडण्याची भीती!

ताकदीच्या ट्रेनिंगची गंमत आणखी वेगळी. गंगापूर रोडवरच्या जिममध्ये ‘फार्मर्स वॉक’ नावाचा व्यायाम असतो : दोन हातांत दोन वजनं घेऊन चालायचं. एसीत, पैसे भरून. तिकडे त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्यात कविता राऊत लहानपणी डोंगरवाटांनी पाणी आणत होत्या. 2010 मध्ये त्यांनी दहा हजार मीटरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. चांदवडच्या दुष्काळी तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खणायचे. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात आलं, आणि 2016 मध्ये ते थेट रिओ ऑलिंपिकच्या पाण्यात होते. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णही आलं.

म्हणून कोणी मुलाला विहीर खणायला धाडू नये. कष्टानं अंग घडतं तसं मोडतंही. विहिरीला विश्रांतीचा वार ठरलेला नसतो. वजन किती, कधी वाढवायचं, कधी थांबायचं, हे ठरवणं हीच स्ट्रेंथ कोचची खरी विद्या.

त्यातलं ‘थांबायचं’ हेच धावपटूला पटत नाही. इथं फिजिओचं भांडण उलटं. दहाचे तीन सेट सांगावेत, तर हा सहा करून येतो. पोटरी ओढली गेली आहे, आठवडाभर पळायचं नाही, अशी ताकीद द्यावी, तर सकाळी गोल्फ क्लब मैदानावर हजर. “पळलो नाही डॉक्टर, नुसता चाललो,” असं शपथेवर सांगतो. फिजिओ त्याचं घड्याळ मागून घेतो. चालण्याचा वेग : किलोमीटरला पाच मिनिटं.