ऐकू यायलंय का?

मराठवाड्यात माईक लागतो तो लग्नाच्या मांडवात, नाहीतर पुढाऱ्याच्या हातात. बाकी कुणाला त्याची गरज पडलेली मी पाहिली नाही. आमच्या गल्लीत या टोकाला दूध नासलं तर त्या टोकाला कळतं. मुद्दाम कुणी सांगत नाही, बाई घरातल्या घरात नवऱ्याशी बोलत असते एवढंच. अशा मुलखातल्या पोरांना एकमेकांशी बोलायला हेडफोन, माईक, ॲप आणि वरून त्याची 'सेटिंग' लागते, हे मला कुणी दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला लिंबू-पाणी दिलं असतं.

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. मधे अहमदपूर, लोहा आणि खड्डे. पोरगा इथं, भाचा तिथं. लहानपणी दोघं उन्हाळ्यात एका पंख्याखाली भांडायचे. मोठे झाले तसं भांडण मोबाईलवर गेलं. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पबजीवर बंदी घातली तेव्हा सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. 2 जुलै 2021 ला तोच खेळ बीजीएमआय असं नाव घेऊन परत आला. पुढच्या जुलैत पुन्हा गायब झाला आणि 2023 च्या मेमध्ये पुन्हा उगवला. साखर ठेवायची का ठेवलेली उचलायची, हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

हा खेळ गप्प बसून खेळता येत नाही, हे मला पोरानं समजावलं. आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद असं एक बेट. त्यावर शंभर जण छत्रीनं उतरतात आणि शेवटी एकच टोळी उरते. आपली टोळी चौघांची. शत्रूच्या पायांचा आवाज कानात येतो, त्यावरून तो कुठल्या अंगाला आहे ते ओळखायचं आणि बाकी तिघांना लगेच सांगायचं. खेळात बोलायची सोय असते, पण डाव संपला की बोलणंही संपतं. आमच्या पोरांचं खरं बोलणं डाव संपल्यावर सुरू होतं: कुणामुळं मेलो, का मेलो, आणि तू तिकडं कशाला गेलतास.

माझ्या दिरांनी हे फार पूर्वी केलंय. ते कॉलेजात असताना सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राईक खेळायचे. तेव्हाचा व्हॉइस चॅट म्हणजे प्लायवूडच्या पार्टिशनवरून मान काढून ओरडणं. ऐकू आलं नाही अशी तक्रार कुणाची नव्हती. शत्रूलाही ऐकू यायचं, ही होती. त्याच काळात बाहेरच्या जगात टीमस्पीक, व्हेंट्रिलो असली बोलायची साधनं निघाली होती. त्यासाठी कुणीतरी सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, मग त्याचा आकड्यांचा पत्ता सगळ्यांना वाटत बसायचं. 2015 च्या मे महिन्यात डिस्कॉर्ड आलं आणि ती कटकट संपली. सर्व्हर फुकट, पत्त्याच्या जागी एक लिंक, दाबली की आत. त्यामुळं दोन घरांमधलं दार कायमचं उघडं राहिलं, पण ते पुढं.

आधी पिनचं सांगते. पोरगा गेम फोनवर खेळतो आणि बोलणं कम्प्युटरवरून करतो, कारण एकाच फोननं दोन्ही कामं केली की तो इतका तापतो की हातात धरवत नाही. कम्प्युटर दिरांचा जुना. मागं दोन भोकं, एक गुलाबी, एक हिरवं. गुलाबी माईकचं, हिरवं ऐकायचं. आणि पोराच्या हेडफोनला पिन एकच! मोबाईलच्या दुकानातल्या पोऱ्यानं ती पिन माझ्या डोळ्यांसमोर धरली. "देखो भाभी, तीन काली लकीर है. दो लकीर रहती तो खाली सुनने का. तीन मतलब माईक भी है." खरंच, पिनवर काळ्या बारीक रेघा होत्या. इतकी वर्षं असल्या पिना मी जमिनीवरून उचलून खुंटीला लावत आले, पण रेघा कधी मोजल्या नव्हत्या. मग त्यानं एक आखूड वायर काढली, एका बाजूला एक भोक आणि दुसऱ्या बाजूला दोन शेपट्या, एक गुलाबी, एक हिरवी. "और वो ब्लूटूथ का नक्को लेव," हा सल्ला त्यानं न विचारता दिला.

त्याचं म्हणणं खरं निघालं. दिवाळीत मिळालेलं गळ्यातलं ब्लूटूथ पोरानं हट्टानं लावून पाहिलंच. गाणं झकास वाजत होतं. पण माईक चालू झाला की तेच यंत्र आवाजाची वाट बदलून फोनच्या जुन्या वाटेनं जातं, आणि भाचा 1985 च्या ट्रंककॉलवर बोलल्यासारखा दुबईहून बोलायला लागला. होता तो औसा रोडलाच.

शेवटी मांडणी अशी ठरली: एका कानात फोनची बारकी गोळी, तिथून शत्रूची पावलं. दुसऱ्या कानावर कम्प्युटरचा हेडफोन, तिथून लातूर.

"ऐकू यायलंय का?" नांदेड.

"येलालंय की! माझं येलालंय का?" लातूर.

"यायलंय, पण तुटक तुटक यायलंय."

हे तासभर चाललं. आवाज पोचला का, एवढाच त्या संभाषणाचा विषय होता. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. हा आवाज जातो कुठून? पोरगा म्हणाला, मुंबईहून. डिस्कॉर्डचा भारतातला आवाजाचा सर्व्हर मुंबईला. म्हणजे नांदेडच्या पोरानं लातूरच्या पोराला 'मागं बघ' म्हणायचं तर ते आधी मुंबईला जाणार आणि तिथून लातूरला उतरणार. मला काही नवल वाटलं नाही. आमचं कुठलं काम मुंबईला गेल्याशिवाय झालंय? फरक इतकाच की हे काम त्याच दिवशी परत येतं, आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचला तर माणसाला उशीर जाणवत नाही म्हणे. मंत्रालयानं हा निकष लावून बघावा.

डेटाची काळजी नवऱ्याला. चॅनेलचा वेग साधारणपणे सेकंदाला 64 किलोबिट. त्यांनी कागदावर हिशेब मांडला: तासभर अखंड बोललं तर 29 एमबीच्या आसपास. गप्प बसलं की ॲप काही पाठवतच नाही, म्हणजे गप्प बसेल त्याची बचत. आमच्या घरात कुणाचीच बचत झाली नाही.

पण खरी लढाई आवाजाच्या उंबऱ्याची. सेटिंगमध्ये एक पट्टी असते, एका टोकाला उणे शंभर डेसिबल, दुसऱ्या टोकाला शून्य. त्यावर एक खूण सरकवायची. खुणेच्या खालचा आवाज कचरा, तो जायचा नाही. वरचा आवाज म्हणजे बोलणं, तो जायचा. बनवणाऱ्यांच्या घरी बहुतेक कार्पेट असावं. आमच्या हॉलमध्ये लोखंडी टाकीचा कूलर आहे, आणि एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत तो म्हणेल ते. पोरानं कूलर गाळला जाईल इतकी खूण वर नेली. आता कूलरपेक्षा मोठं बोललं तरच लातूरला ऐकू जाणार. म्हणून तो ओरडायला लागला. तो ओरडतोय म्हणून सासूबाईंनी टीव्ही वाढवला. टीव्ही वाढला म्हणून नवरा फोनवर मोठ्यानं बोलायला लागला. मी स्वयंपाकघरातून 'हळू बोला' असं सांगितलं आणि तेवढं एक वाक्य उंबरा ओलांडून लातूरला स्वच्छ पोचलं. भाच्यानं ते डावपेच समजून पाळलं, आणि मेला.

यावर उपाय म्हणून 'दाबा आणि बोला' अशी सोय असते. बटण दाबलं तरच माईक उघडतो. मराठवाड्यातल्या माणसाला बोलण्याआधी बटण दाबायला सांगणं हे मला तत्त्वतःच पटत नाही, पण अडचण वेगळीच निघाली. खेळताना दोन्ही अंगठे आणि तर्जन्या फोनवर गुंतलेल्या. बटण दाबायचं कशानं? पोरानं कीबोर्ड टेबलाखाली ठेवला आणि शिलाई मशीनसारखा पायाच्या अंगठ्यानं दाबायला सुरुवात केली. खेळ झकास जमला. पण दुसऱ्या डावाला सासूबाई केर काढत टेबलापाशी आल्या.

"अरे पाय काढ! अक्षरं हायेत त्याच्यावर. सरस्वतीला पाय लावायलास?"

कीबोर्डला नमस्कार करवून तो वर ठेवण्यात आला. या युक्तिवादावर उत्तर ना पोराकडं होतं, ना अमेरिकेतल्या डिस्कॉर्डवाल्यांकडं असतं.

मग आलं क्रिस्प. ही आर्मेनियातल्या मंडळींनी उभी केलेली करामत. 2020 पासून ती डिस्कॉर्डमध्येच बसवून मिळते, एक बटण चालू केलं की झालं. माणसाचा आवाज कुठला आणि बाकी गोंगाट कुठला हे ती शिकलेली असते. गोंगाट काढून टाकते, माणूस ठेवते. आम्ही परीक्षा घेतली. कूलर गेला. मिक्सर गेला. कुकरची शिट्टी गेली, बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न गेला. भाचा तिकडून म्हणाला, "आत्या, कूलर बंद केलाव का?" घरात कूलर धडधडत होता. मी मनातल्या मनात येरेवानला हात जोडले.

घोळ पुढं झाला. आर्मेनियाच्या यंत्रानं आमच्या घरातला सगळा गोंगाट काढून टाकला आणि मागं फक्त माणसं ठेवली. आमच्याकडं खरा गोंगाट माणसांचाच. आतापर्यंत कूलरच्या आड जे काही दडत होतं ते आता धुऊन-पुसून लातूरला जायला लागलं, आणि लातूरचं इकडं. एका संध्याकाळी पोराचा हेडफोन निघालेला, आवाज स्पीकरवर, आणि तिकडून माझी वहिनी कुणाला तरी सांगत होती, "नांदेडच्या बाई येलाल्यात म्हणं सुट्टीत. पंधरा दिवस म्हणत्यात, महिना धरून चाला." मागं ना फोडणीचा आवाज, ना भांड्यांचा. आकाशवाणीला इतका शुद्ध आवाज मिळत नाही. मी काहीच बोलले नाही. त्या वेळी पोरगा बेटावर 'यास्नाया पोल्याना' नावाच्या वस्तीत होता. हे टॉल्स्टॉयच्या गावाचं नाव आहे, आणि त्या माणसाला कुटुंबाची सुखदुःखं चांगली ठाऊक होती. मी महिनाभराचे कपडे भरले.

डिस्कॉर्डमधली एक सोय मात्र मी सगळ्यांना सांगत फिरते. त्यात प्रत्येक माणसाचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, शून्यापासून दोनशे टक्क्यांपर्यंत. आणि आपण कुणाचा आवाज शून्य केलाय हे त्याला कळत नाही! तो बोलत राहतो, आपण मान हलवत राहायचं. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईनं हे शोधलेलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

सासूबाईंना यात रस वाटायला लागला तो 'पोचिंकी'मुळं. पोरं रोज ओरडायची, "पोचिंकीला उतरू! पोचिंकीत लई माल हाय!" सासूबाईंनी बरेच दिवस ऐकून घेतलं आणि एकदा विचारलं, "हे पोचिंकी कुण्या तालुक्यात हाय रे? अहमदपूरच्या पुढं का अलीकडं?" भाचा हजरजबाबी. तो तिकडून म्हणाला, "आज्जी, कंधारच्या बाजूला." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "तरीच. तिकडं आपली सोयरीक नाही." तेव्हापासून त्या रोज दुपारी येऊन माईकसमोर बसतात आणि लातूरला माझी आई बसते. दोघी विहिणी मुंबईमार्गे बोलतात. पोरांना जागा मिळावी म्हणून वेळापत्रक करावं लागलं.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. सर्व्हर भाच्यानं काढला, म्हणून मालकीचा छोटा मुकुट त्याच्या नावापुढं. नाव ठेवलं 'लातूर-नांदेड'. माझ्या पोराचं म्हणणं, 'नांदेड-लातूर'. बाहेरच्यांना हे हसू येईल, पण ही दोन गावं साधी नाहीत. दोघांनी महाराष्ट्राला दोन-दोन मुख्यमंत्री दिले. 1986 मध्ये निलंगेकर गेले आणि शंकरराव चव्हाण आले, 2008 मध्ये विलासराव गेले आणि अशोकराव आले. म्हणजे दोन्ही खेपेला लातूरकर उठला आणि त्याच खुर्चीत नांदेडकर बसला. 2009 मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं होतं. माझा भाऊ त्यात होता. नवरा पलीकडच्या बाजूला. त्या वर्षीची राखी मी पोस्टानं पाठवली.

आता भाचा बारावीला गेला. 'नीट'ची परीक्षा आहे, शिकवण्या आहेत, भावानं फोन कपाटात ठेवून किल्ली वहिनीकडं दिली. फोन जाण्याआधी भाच्यानं समजूतदारपणे मुकुट माझ्या पोराच्या नावावर करून दिला. नांदेडनं त्याच रात्री नाव बदललं.

सकाळी सात वाजता आईचा साधा फोन आला, बिनसेटिंगचा.

"आयुक्तालयाला हात घातलाव, मुख्यमंत्रीपद दोनदा नेलाव. आता पोरांचं खेळणं बी नेलाव व्हय गं?"

"आई, ते कम्प्युटरवर असतंय. ते कुठंच नसतंय."

"मग नाव कशाला बदललाव? आन् दुपारी तुझ्या सासूला म्हणावं, मी येलालाव लाईनीवर. मुकुटाचं मी त्यांच्याशीच बोलते."