आत्याबाईच्या मिशा

भाचा तिसरीत असतानाची गोष्ट. गृहपाठाला दहा म्हणी लिहून न्यायच्या होत्या. नऊ झाल्या होत्या, दहावी अडली होती. मी मेथी निवडत बसले होते. हात कामात, तोंड मोकळं. बोलून गेले, ‘‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही लिही.’’ पोराने लिहून घेतली. मग पेन्सिल चावत माझ्या तोंडाकडे बघत बसला. बराच वेळ बघून झाल्यावर, गणितातली चूक दाखवावी तशा सुरात म्हणाला, ‘‘पण आत्या, तुला आहेत की!’’

वहिनीला एकदम फ्रिजमधलं काहीतरी शोधायचं आठवलं. दादाने पेपर डोळ्यांपर्यंत वर घेतला. आई तेवढी माझ्या बाजूने धावली. ‘‘बायकांना असं बोलू नये रे,’’ म्हणाली. म्हणजे मुद्दा कुणी खोडून काढला नाहीच, फक्त कामकाजातून वगळला.

‘मिसरूड फुटणे’ हे मराठीने मुलग्यांच्या नावावर करून ठेवलंय. मला नववीत फुटलं. वर्गातली निम्मी मुलं तेव्हा ओठावर बोट फिरवून चाचपत होती आणि मी काहीही प्रयत्न न करता त्यांच्या पुढे निघून गेले होते. आईच्या मते याला जबाबदार मला न्हाऊ घालणारी बाई. तान्ह्या बाळाच्या अंगावर कणकेचा गोळा तेलात बुडवून फिरवतात, त्याने लव निघते म्हणतात. त्या बाईने पाठीवर फिरवला, हातापायांवर फिरवला आणि तोंडाशी आल्यावर मी भोकाड पसरलं म्हणून सोडून दिला. ‘‘तेव्हा पाच मिनिटं रडली असतीस तर...’’ हे वाक्य आई अजून पूर्ण करत नाही.

राहिलेलं काम तिने बेसन, हळद आणि सायीवर सोपवलं. दर रविवारी लेप. वाळला की उलट दिशेने चोळायचा. अर्ध्या तासात तोंड पिठलं करपलेल्या कढईसारखं व्हायचं आणि घासायची पद्धतही कढईचीच. केस जिथल्या तिथे राहत, वर थोडे पिवळे होत. एकच गोष्ट घरात निषिद्ध होती, ती म्हणजे पातं. ‘‘पातं लावू नकोस. एकदा लावलंस की राठ येतील, दाट येतील, मग रोज दाढी करत बसावं लागेल.’’ भुताखेतांवर आमचा विश्वास नव्हता. त्यांच्या जागी ही दाढी होती.

बघण्याच्या कार्यक्रमात मावशी मला खिडकीकडे पाठ करून बसवायची. लग्न जमलं नाही ते त्यामुळे नव्हे, हे मुद्दाम सांगते. एका स्थळाला मिशा होत्या आणि त्या मलाच आवडल्या नव्हत्या.

नोकरी लागली आणि पार्लर सुरू झालं. डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, वर जिना. तिथली मुलगी आधी पावडर फासते, मग दोऱ्याचं एक टोक दातात धरते आणि दोरा धरलेल्या दातांतूनच विचारते, ‘‘ताई, अप्परलिप ना? चिन पण?’’ हे ती अशा आवाजात विचारते की खाली वडापाववाल्यालाही कळावं. मग म्हणते, ‘‘जीभ लावा.’’ म्हणजे जीभ वरच्या ओठाच्या आतून दाबून धरायची, कातडी ताणली जाते. दोरा करकर सरकतो, एकेका फेरीत पाचसहा केस मुळासकट उपटले जातात आणि कसलंही दुःख नसताना डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. नाकाखालची जागा देवाने नेमकी शिंकेच्या वायरिंगवर काढलीय. शिंक आली की दोरा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवसांनी एकदा धरलं तरी वर्षाला चोवीस, आणि वीस वर्षांत चारशे ऐंशी वेळा मी तिथे जीभ लावून रडले आहे.

मध्ये एकदा ब्लीच करून पाहिलं. केस जात नाहीत, फक्त रंग जातो. माझा रंग सावळा. त्यावर सोनेरी मिशी अशी काही खुलली की दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये मुंब्र्याला खाडीवरचं ऊन आत आलं आणि समोरची बाई माझ्याकडे बघून स्वतःच्या ओठावरून हात फिरवायला लागली. लेडीज डब्यात हे नेहमी चालतं. तिथे मटार सोलतात, स्वेटर विणतात, सासवा काढतात. पण हनुवटीच्या केसाबद्दल कोणी बोलत नाही. फक्त बघतात आणि आपली चाचपतात. बँकेतल्या एका मैत्रिणीशी मात्र माझा लेखी नसला तरी पक्का करार आहे. मी बेशुद्ध होऊन हॉस्पिटलात पडले तर तिने चिमटा घेऊन यायचं. तिची मी, माझी ती. खात्याला नॉमिनी असतो, तसा हनुवटीलाही हवाच.

बँकेत मी पस्तीस कलमांचे फॉर्म तपासते. त्यातला ‘कायमचा पत्ता’ हा रकाना बघितला की मला माझी हनुवटी आठवते. माझ्या केसांनी तिथला पत्ता कायमचा म्हणून दिलेला आहे. मी दर पंधरवड्याला काढते तो फक्त तात्पुरता मुक्काम. तेव्हा एका क्लिनिकच्या पाटीवर ‘केसांपासून कायमची सुटका’ वाचलं आणि मी भुलले, पण बँकेतली सवय म्हणून आधी अटी व शर्ती शोधायला बसले. रात्री दोन वाजेपर्यंत वाचत होते.

त्यातून कळलं की ही सुटका डोळ्यांपासून सुरू झाली. १८७५ साली अमेरिकेत सेंट लुईस इथल्या चार्ल्स मिशेल नावाच्या नेत्रवैद्याने, पापणीचा केस आत वळून बुबुळाला टोचतो त्यावर उपाय म्हणून बॅटरीला जोडलेली बारीक सुई केसाच्या मुळाशी घातली. मूळ मेलं, केस पुन्हा आला नाही. पापणीवरून ही सुई बायकांच्या ओठावर यायला फार काळ लागला नाही. आडनाव मिशेल होतं, त्यात माझा हात नाही.

पुढचं वाचताना मात्र हसू आटलं. क्ष-किरणांचा शोध १८९५चा. त्याने केस गळतात हे लगेचच लक्षात आलं आणि १९२०च्या दशकात अमेरिकेत ब्यूटी पार्लरमध्ये क्ष-किरणांची यंत्रं आली. टोचणं नाही, दुखणं नाही, समोर बसायचं. केस गेले, काही वर्षांनी कातडी गेली आणि कित्येकींना कॅन्सर झाला. १९३०च्या आसपास कोरेम्लू नावाचं क्रीम निघालं, त्यात थॅलियम होतं, म्हणजे उंदीर मारायचं विष. त्याने ओठावरचे केस गेले तसे डोक्यावरचेही गेले, आणि पायांतलं बळही. त्या बायकांना मी वेडं म्हणू शकत नाही. माझ्या नववीत कुणी ते क्रीम डोंबिवलीत आणून दिलं असतं, तर मी ते रविवारची वाट न बघता लावलं असतं.

क्लिनिकमध्ये काउंटरवरच्या मुलीने सहा सिटिंगचं पॅकेज पुढे सरकवलं. ‘‘परमनंट आहे ना?’’ ‘‘हो मॅम, एकदम परमनंट.’’ संमतीच्या फॉर्मवर मात्र बारीक अक्षरात ‘परमनंट रिडक्शन’ होतं. कायमची घट. अमेरिकेचं औषध प्रशासनही लेझरला एवढंच म्हणू देतं. ‘कायमचं काढणं’ हा शब्द सुईकडेच आहे. मी त्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘मॅम, हे कोणी वाचत नाही.’’ हे मी आमच्या काउंटरवरही ऐकलेलं आहे. फॉर्म परत दिला आणि सरळ कातडीच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

त्यांनी लेझरचं नावही काढलं नाही. पाळी कशी येते, वजन वाढलंय का, केस हळूहळू आले की एकाएकी, असं सगळं विचारून रक्त तपासायला पाठवलं. पीसीओएस असेल, थायरॉइड असेल, तर आधी ते बघायचं. मूळ कारण चालू ठेवून वरून भाजत बसण्यात अर्थ नाही, म्हणाल्या. मग मार्क दिले. खरोखरचे मार्क. १९६१ साली फेरिमन आणि गॅल्वे यांनी ही परीक्षा काढली. आता त्यात ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ धरून नऊ जागा बघतात, प्रत्येकीला शून्य ते चार. एकूण छत्तीसपैकी आठ किंवा जास्त पडले की डॉक्टर भुवया उंचावतात. मला सात पडले. कमी मार्कांवर पेढे वाटावेसे वाटले ते आयुष्यात एकदाच.

‘‘मग लेझर करू या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता दोरा बंद, चिमटा बंद. केस मुळात असला पाहिजे. प्रत्येक सिटिंगच्या आदल्या दिवशी दाढी करून या.’’

मी दोनदा विचारलं. दाढीच.

कारण साधं होतं. १९८३ साली बॉस्टनच्या दोन डॉक्टरांनी मांडलं की योग्य रंगाचा प्रकाश योग्य वेळापुरता सोडला, तर आजूबाजूला न भाजता नेमकं हवं तेच भाजता येतं. इथे हवं ते म्हणजे केसातला काळा रंग. त्याला ऊन लागावं तसा लेझर लागतो, उष्णता मुळापर्यंत जाते. मूळ उपटून टाकलं तर उष्णता पोचणार कुठे? आणि केस वर वाढलेला असला तर कातडीवरच जळतो. म्हणून कापायचा, उपटायचा नाही. आपल्या सावळ्या कातडीतही तोच काळा रंग असतो, त्यामुळे यंत्राची गफलत होऊन डाग पडू शकतो; त्यासाठी १०६४ नॅनोमीटरचं, जास्त खोल जाणारं यंत्र लावतात. क्वचित कुणाला लेझरने केस उलट वाढतात, हेही बाईंनी सांगून ठेवलं. मला त्या फार आवडल्या.

‘‘पण दाढी केली की दाट येतात ना?’’ माझा आवाज नववीतला झाला होता.

‘‘केस कापला की टोक बोथट होतं, म्हणून हाताला राठ लागतो. बाकी वर काय झालं ते खालच्या मुळाला कळतसुद्धा नाही.’’

एवढंच. तीस वर्षांची भीती, आणि मुळाला कळतसुद्धा नाही.

मेडिकलच्या दुकानात रेझर मागितला. ‘‘साहेबांना कोणता लागतो?’’ दुकानदाराने विचारलं. साहेबांची कातडी नाजूक आहे, म्हटलं.

लेझरचं वर्णन सगळे ‘रबर बँडचा फटका’ असं करतात. तो फटका मारणारं पोर फार द्वाड असतं एवढं मी त्यात घालीन. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर गार जेल, टक्, टक्, टक्, आणि खोलीत केस जळल्याचा वास. दर सहा आठवड्यांनी एकदा. एकदम सगळे का जात नाहीत, तर काही केस वाढीला लागलेले असतात, काही विश्रांती घेत असतात, आणि लेझर फक्त वाढीतल्यांना गाठतो. हे मला लगेच समजलं. आमच्या शाखेतही एका दिवशी सगळा स्टाफ हजर मिळत नाही.

सहा सिटिंग झाली, वर दोन झाली. ओठ साफ झाला. एक दिवस रिक्षात बसले. घरच्या आरशात जे दिसत नाही ते रिक्षाच्या आरशात दिसतं. हनुवटीवर ऊन पडलं आणि त्यात अकरा केस चमकले. पांढरे. काळ्यांच्या गर्दीत ते कधी येऊन बसले ते कळलंच नव्हतं.

‘‘ते लेझरला दिसत नाहीत,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘काळा रंगच नाही ना. आता सुई.’’

म्हणजे पुन्हा मिशेलसाहेब. एकेका केसाशी सुई, एकेकाला करंट, आणि एकदा भागलं नाही तर त्याच केसाला पुन्हा. काउंटरवरच्या मुलीकडे जे शब्दात होतं ते इथे खरंच होतं, फक्त एका वेळी एका केसापुरतं. अकरातले आठ गेलेत. तिघांच्या तारखा पडल्या आहेत.

परवा संध्याकाळी भाचा माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. आता अकरावीत आहे. ओठावर मोजून नऊदहा केस. तो त्यांना मिशी म्हणतो.

‘‘आत्या, तुझ्याकडे रेझर आहे ना?’’

लहानशा घरात कुणाकडे काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त विचारत नाहीत. मी खणातून नवा काढून दिला. बेसिनपाशी उभं केलं, फेस लावला, अगदी पार्लरमधल्या मुलीसारखं म्हटलं, ‘‘जीभ लाव. वरच्या ओठाच्या आतून. अशी. आता केसाच्या दिशेने, दाबू नकोस.’’

‘‘मित्र म्हणतात, चारपाच वेळा केली की दाट येते.’’

त्याच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन अडकलं. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि लाटणं हातात तसंच ठेवून ओरडली, ‘‘अरे, एवढ्यात पातं लावू नकोस! राठ येतील, दाट येतील, मग रोज दाढी करत बसावं लागेल!’’

फेसातून त्याचे डोळे लखलखले.

‘‘खरंच ना, आजी?’’