लोणावळा ते मळवली, विमानाने : इच्छुकांसाठी मार्गदर्शिका

उत्तर ध्रुवाजवळच्या दोन बर्फाळ धावपट्ट्यांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ आजकाल घरबसल्या काढता येतो. मग मावळानेच काय घोडं मारलंय? लोणावळ्यात विमानतळ नाही, मळवलीतही नाही. पण गणिताला धावपट्टी लागत नाही. इच्छुकांनी पुढील क्रमाने जावे.

१. अंतर काढा. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग वक्र असतो. म्हणूनच मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान नकाशावर उत्तरेला वळसा घालताना दिसतं. लोणावळा-मळवलीच्या सुमारे ८ किलोमीटरांत मात्र पृथ्वीचा बाक मनावर घेऊ नये.

२. वेगाने भागा. प्रचलित सूत्र ताशी ८०० किलोमीटर धरतं. उत्तर : ३६ सेकंद.

३. अर्धा तास मिळवा. हा चढण्या-उतरण्याचा. एकूण ३० मिनिटं ३६ सेकंद. लोकल हेच अंतर दहा मिनिटांच्या आत कापते, म्हणून खट्टू होऊ नये. लोकलमध्ये खिडकी मिळेलच असं नाही.

४. गडांवर सराव करा. लोहगड ते विसापूर हवेतून सुमारे २ किलोमीटर, म्हणजे ९ सेकंद. पायी जाणाऱ्याला एक गड उतरून गायमुख खिंड गाठावी लागते आणि दुसरा पुन्हा चढावा लागतो. सूत्रात खिंडीसाठी रकाना नाही. दम लागण्यासाठीही नाही.

५. घाट विसरा. कर्जत-लोणावळा रेल्वेने २८ किलोमीटर, सरळ रेषेत सुमारे २०. विमानाला दीड मिनिट. रेल्वेला मात्र १८६३ पासून बोरघाट चढावा लागतो. ३७ फुटांना एक फूट असा चढ असल्याने कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. तेवढ्यात प्रवाशाचा वडा खाऊन होतो. विमानाच्या दीड मिनिटात वड्याची चटणीही उघडत नाही.

६. पावसाळा वगळा. जुलैत खंडाळ्याला पुढचा माणूस दिसत नाही, पण सूत्राचं उत्तर बदलत नाही. कामशेतच्या पॅराग्लायडिंगवाल्यांना हे सांगू नये. त्यांच्याकडे इंजिन नसतं. कधी उडायचं आणि किती वेळ, हे वारा ठरवतो. पावसात ते पंख गुंडाळूनच ठेवतात.

७. आता मोठा हिशेब. मुंबई-पुणे विमानतळ सरळ रेषेत सुमारे १२४ किलोमीटर. सूत्राने चाळीस मिनिटांच्या आत. रेल्वेमार्ग १९२ किलोमीटरांचा. १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन आज तीन तासांहून थोडा जास्त वेळ घेते. विमान जिंकलं? विमानतळ गाठणं, दोन तास आधी रांगेत लागणं, बॅगेची वाट पाहणं आणि लोहगावाहून कोथरूडला पोहोचणं यांचा हिशेब राहिला. प्रवासी विमानाच्या दारातच जन्मतो आणि दारातच संपतो, असं सूत्र धरून चालतं.

निष्कर्ष : सूत्र चूक नाही. जिथे ना रूळ ना रस्ता, अशा बर्फातल्या दोन गावांसाठी ते देवासारखं आहे. मावळात ते वापरायचंच असेल तर लोकलमध्ये बसून वापरावं. दुपारच्या गाड्या विरळ असतात, तेव्हा निघण्याआधी वेळापत्रक पाहावे.