घाऊक संमती

७ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सिनेटने एकाच मतदानात १०७ माणसांच्या नेमणुका मंजूर केल्या. बाजूने ५१, विरोधात ४७. राजदूत, खात्यांचे अधिकारी, मंडळांचे सदस्य, सगळे एका गठ्ठ्यात. भारतात येणारे राजदूत सर्जिओ गोर त्यात होते. बहामाला निघालेले हर्शेल वॉकरही होते. एकेकाळचे नामांकित अमेरिकन फुटबॉलपटू आणि २०२२ साली जॉर्जियातून सिनेटची निवडणूक हरलेले उमेदवार. एखाद्या सिनेटरला गोर पसंत आणि वॉकर नापसंत असतील, तर त्याने काय करायचं? त्या मतदानात त्याला सोयच नव्हती. हो म्हणायचं तर सगळ्यांना, नाही म्हणायचं तरी सगळ्यांना. पोतं न सोडता धान्य घ्यावं तशी ही मंजुरी.

आणि गोर कोण? तेव्हाचे व्हाइट हाउसच्या नेमणुका कार्यालयाचे प्रमुख. सरकारभर माणसं बसवायचं काम ज्याच्याकडे, त्याचंच नाव गठ्ठ्यात. समितीपुढे त्यांची सुनावणी झाली होती, हे मान्य. पण भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागलेलं, मुंबईत सीप्झमधले दागिन्यांचे कारखाने त्या फटक्याने हवालदिल झालेले, अशा वेळी दिल्लीला जाणाऱ्या माणसाचं नाव शंभरावर नावांच्या रांगेत हाकलून द्यायचं? राजदूतपदाची एवढीच किंमत?

त्यांच्या आधीच्या राजदूताची गोष्ट बरोबर उलट. लॉस एंजेलिसचे महापौर एरिक गार्सेटी यांचं नाव बायडेन यांनी जुलै २०२१ मध्ये पाठवलं. मंजुरी मिळाली १५ मार्च २०२३ ला, ५२ विरुद्ध ४२ मतांनी. वीस महिने! नाव पाठवण्याआधीचे महिने धरले तर दिल्लीतल्या दूतावासाला दोन वर्षांहून अधिक काळ सिनेटने मंजूर केलेला राजदूतच नव्हता. गार्सेटींच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्यावर लैंगिक छळाचे आरोप होते आणि महापौरांनी त्याकडे काणाडोळा केला का, हा प्रश्न होता. प्रश्न अगदी रास्त होता. त्यांच्याच पक्षातल्या काहींनाही तो पडला होता. पण साक्षी घ्या, कागद मागवा, आठ-दहा आठवड्यांत निकाल लावा. हो तर हो, नाही तर नाही. नाव भिजत ठेवून कोणत्या पीडितेला न्याय मिळाला?

दोन राजदूत, दोन तऱ्हा. एकाच्या वेळी खुर्ची रिकामी ठेवली, दुसऱ्याच्या वेळी गठ्ठ्यावर शिक्का मारला. समोरच्या माणसाला नीट पारखून घ्यायचं, हे जे काम राज्यघटनेने सिनेटवर सोपवलं होतं, ते दोन्ही वेळा बाजूलाच राहिलं. माझा राग त्यावर आहे.

ही पाळी आली कशी? दोन्ही पक्षांनी मिळून आणली. १९८६ साली अँटोनिन स्कॅलिया सर्वोच्च न्यायालयात गेले ते ९८ विरुद्ध शून्य मतांनी. कट्टर उजवे न्यायमूर्ती, तरी एकही विरोधी मत नाही. १९९३ मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग ९६ विरुद्ध ३. त्यांचे उदारमतवादी विचार काही लपलेले नव्हते. आता केटांजी ब्राउन जॅक्सन यांची मतं बघा, २०२२ साली ५३ विरुद्ध ४७. एमी कोनी बॅरेट, २०२० साली, ५२ विरुद्ध ४८. माणसं कमी लायकीची झाली का? अजिबात नाही. मत द्यायची पद्धत बदलली. नाव वाचायच्या आधी ते कोणी पाठवलं ते बघायचं.

१९८७ मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे केलेल्या रॉबर्ट बोर्क यांना ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं, तिथून रिपब्लिकनांचा राग सुरू होतो. पण मी बोर्क प्रकरणाला दोष देणार नाही. तिथे सुनावणी झाली, उमेदवाराने दिवसचे दिवस आपली मतं मांडली, आणि सभागृहाने उघड मतदानाने नकार दिला. नकार देणं हा सिनेटचा हक्कच आहे. खरी घाण नंतरची. २००३ मध्ये डेमोक्रॅट्सनी न्यायाधीशपदाचे उमेदवार मिगेल एस्त्रादा यांना चर्चा न संपवण्याच्या डावपेचाने सात वेळा रोखलं, शेवटी त्यांनी स्वतःच नाव मागे घेतलं. पुढे ओबामांच्या न्यायाधीशांना रिपब्लिकनांनी तोच डाव टाकून रखडवलं. मग २१ नोव्हेंबर २०१३ ला डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी नियमच मोडीत काढला. खालची न्यायालयं आणि सरकारी पदं यांच्यासाठी ६० मतांची अट गेली, साधं बहुमत पुरेसं झालं. रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनल यांनी पस्तावाल, असं तिथल्या तिथे बजावलं, आणि ६ एप्रिल २०१७ ला तीच कुऱ्हाड सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. २०१९ मध्ये अनेक पदांसाठी चर्चेचे ३० तास कापून २ तासांवर आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये गठ्ठा आला. पहिला ४८ नावांचा, दुसरा १०७ नावांचा. मंत्री आणि न्यायाधीश तेवढे अजून गठ्ठ्याबाहेर आहेत. किती दिवस?

दर वेळी बोलणं तेच: सुरुवात त्यांनी केली. शाळेत दोन पोरं मारामारी करताना असं बोलली तर मास्तर दोघांनाही बाहेर उभं करतात. इथे मास्तरच नाही.

ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांच्या बाबतीत तर मॅकॉनल यांनी लाज सोडली. १६ मार्च २०१६ ला नाव आलं. सुनावणी नाही, समितीत मतदान नाही, काही नाही. २९३ दिवसांनी नाव आपोआप बाद. कारण काय, तर निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या. चार वर्षांनी १८ सप्टेंबर २०२० ला गिन्सबर्ग गेल्या. तेही निवडणुकीचंच वर्ष, मतदान दीड महिन्यावर. २६ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठ दिवस आधी, बॅरेट मंजूर! २०१६ ला जनतेला ठरवू देणारे चार वर्षांत जनतेला विसरले. याला माझ्याकडे खोटेपणा याखेरीज दुसरा शब्द नाही.

पण सर्वोच्च न्यायालयाच्या जागा निदान बातम्यांत तरी येतात. ज्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही अशा खुर्च्यांचं बघा. ‘मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड’ नावाचं तीन जणांचं मंडळ आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतून अन्यायाने काढलं, गैरप्रकार उघड केला म्हणून छळलं, तर अपील या मंडळाकडे. आपल्याकडे ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, खेपा घालणाऱ्या कर्मचाऱ्यांना हे लगेच कळेल. निकालाला किमान दोन सदस्य लागतात. जानेवारी २०१७ पासून राहिला एक, मार्क रॉबिन्स. ते कार्यालयात यायचे, प्रकरणं वाचायचे, आपलं मत लिहून फाइल बाजूला ठेवायचे. दुसरी सही करायला माणूस नाही, म्हणून एकही निकाल बाहेर पडेना. खोक्यांवर खोकी चढत गेली. दोन वर्षं हे चाललं. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस त्यांचीही मुदत संपली आणि मंडळात शून्य सदस्य उरले. आधी अध्यक्षांनी नावंच उशिरा पाठवली, मग समितीने पुढे केलेली नावं सिनेटने मतदानाला घेतली नाहीत. दोन सदस्य येऊन काम पुन्हा सुरू झालं ते मार्च २०२२ मध्ये. तोवर साडेतीन हजारांहून अधिक अपिलं साठली होती. नोकरी गेलेला माणूस पाच वर्षं काय खातो, हा प्रश्न सिनेटमध्ये किती जणांनी विचारला असेल?

२०२३ साली तर एकट्या माणसाने अख्ख्या सैन्यदलाची कोंडी केली. अलाबामाचे रिपब्लिकन सिनेटर टॉमी ट्यूबरव्हिल. गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जावं लागणाऱ्या सैनिकांना रजा आणि प्रवासखर्च द्यायचं संरक्षण खात्याचं धोरण त्यांना मान्य नव्हतं. नसू दे. विधेयक आणा, भाषण करा, मतं गोळा करा. त्यांनी त्याऐवजी चारशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या बढत्या अडवल्या. त्या अधिकाऱ्यांनी ते धोरण केलंही नव्हतं आणि ते बदलणं त्यांच्या हातातही नव्हतं. बदली कुठे होणार माहीत नाही, मुलांना शाळेत कुठे घालायचं माहीत नाही, अशी कुटुंबं महिनोन्‌महिने ताटकळली.

मरीन कोरला शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच मंजूर झालेला प्रमुख नव्हता. एरिक स्मिथ प्रमुख आणि उपप्रमुख अशा दोन्ही पदांचा भार एकटे ओढत होते. प्रमुखपदाची मंजुरी सप्टेंबरमध्ये आली, पण उपप्रमुख मिळालाच नाही. २९ ऑक्टोबरला स्मिथ यांचं हृदय अचानक बंद पडलं. ते ताणानेच झालं असं मी म्हणणार नाही, तो डॉक्टरांचा विषय आहे. पण उपप्रमुखाचं इतके दिवस पडून असलेलं नाव त्यानंतर चार दिवसांत मंजूर झालं! म्हणजे करता येत होतं.

१ नोव्हेंबरच्या रात्री ट्यूबरव्हिल यांच्याच पक्षाचे जोनी अर्न्स्ट, डॅन सलिव्हन, लिंडसे ग्रॅहम, टॉड यंग सभागृहात उभे राहिले. एकेका अधिकाऱ्याचं नाव घ्यायचं, त्याची सेवा वाचून दाखवायची, आणि मंजुरी मागायची. दर नावाला ट्यूबरव्हिल उठून हरकत घ्यायचे. तासन्‌तास हे चाललं. मला ती रात्र सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. एरवी हरकत कागदावर असते, कोणाला तोंड दाखवावं लागत नाही. त्या रात्री एका माणसाला प्रत्येक नाव कानांनी ऐकून नाही म्हणावं लागलं. ५ डिसेंबरला त्यांनी बहुतेक नावं सोडली. धोरण तेव्हा तसूभरही बदललं नव्हतं.

डेमोक्रॅट्सनी त्यातून धडा घेतला असेल म्हणावं, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये हवाईचे डेमोक्रॅट ब्रायन शॅट्झ यांनी परराष्ट्र खात्याच्या नेमणुका सरसकट अडवून धरल्याचं जाहीर केलं. ‘यूएसएड’ ही परदेशी मदत देणारी संस्था बंद करण्याला त्यांचा विरोध होता. तो विरोध मलाही पटतो. हत्यार मात्र ट्यूबरव्हिल यांचंच. त्यानंतर डेमोक्रॅट्सनी साध्यासाध्या नावांनाही लांबलचक मतदान मागितलं, आणि रिपब्लिकनांनी गठ्ठ्याचा नियम आणला.

आपल्याकडे हा तमाशा नाही म्हणून कोणी समाधान मानू नये. आपल्याकडे न्यायाधीशांची नावं कॉलेजियम ठरवतं आणि सरकार फाइलवर बसतं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असलेले न्यायमूर्ती अकील कुरेशी यांची मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी शिफारस झाली. सरकारने महिनोन्‌महिने ती मानली नाही, शेवटी त्यांना त्रिपुराला पाठवलं. लोकांपुढे उभं राहून हरकत कोणी घेतली? कोणीच नाही. तिथे निदान ट्यूबरव्हिलला उठून उभं राहावं लागलं.

सिनेटला हे सुधारता येत नाही, असं नाही. २०१२ मध्ये डेमोक्रॅट चक शूमर आणि रिपब्लिकन लमार अलेक्झांडर यांनी मिळून कायदा केला आणि दीडशेहून अधिक किरकोळ पदं सिनेटच्या मंजुरीतून काढून टाकली. अजूनही बाराशेच्या वर नावं सिनेटपुढे जातात, त्यातली निम्मी सहज कमी होतील. उरलेल्यांसाठी मुदत ठरवा. साठ दिवसांत समितीने निर्णय दिला नाही, तर नाव आपोआप सभागृहात यावं. तिथे मतदान एकेका नावावर व्हावं, कितीही रात्र झाली तरी. आणि नाव अडवून धरणाऱ्या सिनेटरने दर आठवड्याला सभागृहात उभं राहून त्या माणसाचं नाव घेऊन कारण सांगावं, नाही सांगितलं तर हरकत रद्द.