विनातिकीट नोकऱ्या

महाड आगारातून निवृत्त झालेला एखादा कंडक्टर आमच्या डोंगरपट्ट्यात बहुतेक गावांत सापडतो. तळीयेच्या अंगाला राहणाऱ्याला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. वरंधा घाटाच्या वळणांवर तोल सांभाळत तिकिटं फाडण्यात त्यांची हयात गेली. चिमटा गेला, मशीन आलं, मग मशीनही परत करावं लागलं; नजर मात्र त्यांनी जमा केली नाही. समोरचा विनातिकीट आहे असं धरूनच ते नमस्कार घेतात.

तळीये म्हटलं की बाहेरच्यांना 22 जुलै 2021ची दरड आठवते. आठवायलाच हवी. पण त्यानंतरही इथली पोरं बारावी होतात. कुणी बिरवाडीकडच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागतं, कुणी मुंबई गाठतं आणि उरलेली रेंज येईल त्या दगडावर बसून ‘घरबसल्या रोज तीन हजार’ शोधतात. मास्तरांची ड्युटी तिथे सुरू होते.

“मास्तर, नोकरी लागली.”

“वेबिल दाखव.”

म्हणजे ऑफर लेटर. ते मास्तर खालून वर वाचतात. आधी शिक्का, मग सही, पगार सर्वांत शेवटी. “कंपनी एवढी मोठी, नि पत्र जीमेलवरनं? मुलाखत कुणी घेतली?”

“टेलिग्रामवर. चॅटवरच.”

“तोंड बघितलंस?”

“डीपी बघितला. बाई आहे.”

“बाईच असते.”

काम काय, तर व्हिडिओ लाइक करायचे, न पाहिलेल्या हॉटेलांना पाच तारे द्यायचे. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर आले, असं पोरगं छाती काढून सांगतं. मास्तर खूश होतात, कारण आता पुढचे थांबे त्यांना पाठ आहेत: हजार भरा, तेराशे घ्या, मग पाच हजारांचा ‘व्हीआयपी टास्क’, मग स्क्रीनवर लाखभर रुपये दिसतात आणि ते काढायला आधी टॅक्स भरावा लागतो. “स्वतःचे पैसे घ्यायला पैसे? कुठल्या आगाराचं तिकीट हे?”

फॉर्म भरून देण्याच्या कामावर तर ते तासभर बोलतात. रात्री जागून टायपिंग करायचं, मग ‘चुका जास्त’ म्हणून वकिलाची नोटीस आणि दंड. “कोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर बसत नाही,” हे वाक्य त्यांनी एसटीच्या घोषणेसारखं घोटून ठेवलंय. बँक खातं भाड्याने मागणाऱ्याचं नाव निघालं की मात्र आवाज खाली येतो. चोरीचा पैसा तुझ्या खात्यातून जाणार आणि पोलीस तुझ्या ओटीवर येणार, एवढंच बोलतात.

डिसेंबर 2023मध्ये केंद्राने असल्या टास्कवाल्या शंभराहून जास्त वेबसाइट बंद केल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, “गाड्या पकडल्या. ड्रायव्हर उतरून गेले.” घरातल्या भिंतीवर खडूने 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लिहिलेला आहे. पैसे गेले की आधी तो फिरवायचा, भावकीची बैठक नंतर; खात्याखात्यांतून उड्या मारत पैसा पार व्हायच्या आत अडवता आला तर येतो.

मास्तरांचा एक सिद्धांतही आहे. पूर्वी इथला माणूस मुंबईला गावकीच्या खोलीत उतरायचा आणि कुणीतरी ओळखीने त्याला गिरणीच्या जॉबरपुढे उभा करायचा. “नोकरी आणली कोणी, ते गावाला ठाऊक असायचं.” जॉबर दस्तुरी उकळायचा, ते मास्तर सोयीने विसरतात. आठवण करून दिली तर म्हणतात, “घ्यायचा ना! पण गिरणीच्या दारात उभा असायचा. गचांडी धरता यायची.”

पण या नजरेला ब्रेक नाही. मध्यंतरी त्यांच्या पुतण्याला एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. मास्तरांनी तो काढून घेतला. “बिल्ला नंबर सांगा.” पलीकडची मुलगी गोंधळली. फी नाही, आधारची झेरॉक्स घेऊन गेटवर या, म्हणाली.

“फी नाही?” मास्तरांनी फोन हाताने झाकला. “नक्की फसवतायत.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पुतण्यासोबत एसटीने गेले. चिमणी पाहिली, वॉचमनला मालकाचं गाव विचारलं, शिफ्ट सुटेपर्यंत थांबून माणसं खरोखर बाहेर पडतात का तेही पाहिलं. पुतण्या लागला. आता महिन्याच्या महिन्याला पगाराचा मेसेज येतो आणि मास्तर त्याला महाडच्या एटीएमला पिटाळतात.

“सगळे नको, पाचशे काढून बघ. निघतात का.”