पहिल्या पानाची हमी देणाऱ्या साहेबांना

वसमत, जि. हिंगोली

श्रीयुत लिंकविक्रेते साहेब,
सा. न. वि. वि.

आपली ईमेल पोचली. 'डिअर वेबसाइट ओनर' अशी सुरुवात पाहून बरं वाटलं. आम्हा हळदवाल्यांना एरवी इतक्या अदबीने फक्त बँकेची वसुलीवाली माणसं लिहितात. ३० दिवसांत 'वसमत हळद' या शब्दांवर गुगलच्या पहिल्या पानावर, पहिल्या तिनात, लेखी हमीसकट. त्यासाठी 'डीए ७०+' असलेल्या वेबसाइटींवरून पन्नास लिंका. आणि सवलत फक्त आज रात्री बारापर्यंत. ही सवलत रोज रात्री बाराला संपते आणि रोज सकाळी परत उगवते, हे आपल्या पुढच्या ईमेलींवरून कळलं. एवढी दानत आता राहिली आहे कुठे?

आमच्या जिल्ह्याला क्रमांकाचे दावे नवे नाहीत, साहेब. औंढ्याचा नागनाथ आमच्या लेखी आठवं ज्योतिर्लिंग. द्वारकेजवळच्या नागेश्वराचे भक्त तोच मान आपल्याकडे घेतात, आणि उत्तराखंडातल्या जागेश्वरची माणसंही मागे नाहीत. वाद जुना आहे, चालूच आहे, आणि कुणाची श्रद्धा त्यामुळे अडलेली नाही. पण तीस दिवसांत आठवा क्रमांक पक्का करून देतो म्हणून तिथे कुणी पावतीपुस्तक घेऊन बसल्याचं ऐकिवात नाही. याच औंढ्याला नामदेव महाराजांसाठी देऊळ फिरलं अशी कथा आहे. तेही कीर्तनाने फिरलं. आपण पन्नास लिंकांत गुगल फिरवता. तेव्हा जरा खोलात जाऊन चौकशी केली, राग नसावा.

चौकशीत असं कळलं की आपला धंदा तसा खानदानी आहे. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी पेजरँक नावाची कल्पना मांडली. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे त्याच्या बाजूने पडलेलं मत, आणि वजनदार पानाचं मत जास्त वजनाचं. कल्पना सुरेखच. पण मत आलं की मतखरेदी आलीच, हे स्टॅनफर्डच्या पोरांना ठाऊक नसावं; आमच्या जिल्हा परिषदेच्या एखाद्या निवडणुकीला येऊन बसले असते तर तिथेच कळलं असतं. पुढे त्यांच्या गुगलने आपल्या टूलबारवर प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा हिरव्या पट्टीत दाखवायला सुरुवात केली आणि जगभरच्या आपल्या भाऊबंदांना भावफलक मिळाला. चारच्या पानावरची लिंक एवढ्याला, सहाच्या पानावरची तेवढ्याला.

ओक्लाहोमातल्या सर्चकिंग नावाच्या कंपनीने २००२ साली तर या आकड्यावर भाव ठरवून जाहिरातीच्या लिंका विकण्याचं दुकानच थाटलं. गुगलने त्या कंपनीचाच पेजरँक खाली आणला. कंपनी कोर्टात गेली आणि २००३ साली हरली. कोर्टाचं म्हणणं असं पडलं की पेजरँक म्हणजे त्या त्या वेबसाइटच्या महत्त्वाविषयी गुगलचं स्वतःचं मत. ते खोटं ठरवता येत नाही आणि ते मांडायची गुगलला मोकळीक आहे. हा निकाल मी दोनदा वाचला, साहेब, कारण आपल्या धंद्याची सगळी गंमत त्यात आहे. आपण दुसऱ्याच्या मताची लेखी हमी विकता. शेजाऱ्याला आमची सून पसंत पडेल अशी हमी आपण शेजाऱ्याला न विचारता आम्हाला देता, आणि वर आगाऊ पैसे मागता. खुद्द गुगल आपल्या मार्गदर्शनात सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाच देता येत नाही. आपल्याला मात्र येते.

त्या हिरव्या पट्टीच्या काळातली एक कारागिरी वाचून तर हात जोडावेसे वाटले. स्वतःचं कोरं डोमेन काही दिवस एखाद्या बड्या वेबसाइटकडे वळवून ठेवायचं. टूलबारला वाटायचं दोन्ही एकच. बड्या साइटचा नऊ किंवा दहा आकडा या रिकाम्या घरावर चिकटायचा. मग वळवणं बंद करायचं आणि पुढचा आकडा बदलायच्या आत माल विकून मोकळं व्हायचं. घेणाऱ्याने आकडा पाहिलेला असायचा. स्वतःच्या डोळ्यांनी! खोटं कोण म्हणेल? गुगलने तो सार्वजनिक आकडा २०१३ च्या अखेरीनंतर ताजा केला नाही आणि २०१६ साली पट्टीच काढून टाकली. तरी आपल्या एका बंधूंनी गेल्या महिन्यात आम्हाला 'पीआर ८' ची लिंक देऊ केली. मेलेल्या माणसाची सही आणून देणारे पाहिले होते, पण त्याची ताजी तब्येत सांगणारे हे पहिलेच.

आपण त्यांच्यापेक्षा पुढारलेले. आपण डीए सांगता. हा डीए, म्हणजे डोमेन अथॉरिटी, मॉझ नावाच्या खासगी कंपनीने काढलेला शंभरपैकी गुण. तसाच अहरेफ्स या कंपनीचा डीआर. ते अंदाज त्यांनी आपापल्या हिशेबाने बांधलेले आहेत आणि हा आकडा गुगल वापरत नाही, असं गुगलच्या माणसांनी वारंवार सांगितलं आहे. ईमेलीत मात्र आपण 'गुगल डीए ७०+' असं लिहिलं आहे. गुगल आणि डीए यांचं लग्न आपण परस्पर लावून टाकलं. हळद आमच्याकडून नेली असती तर निदान तेवढी तरी विक्री झाली असती.

आणि हा आकडा चढवता येतो, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. मुदत संपलेलं जुनं डोमेन लिलावात घ्यायचं, त्याच्याकडे येणाऱ्या जुन्या लिंका आयत्या मिळतात. नाहीतर ढिगाने फालतू लिंका सोडायच्या. आपल्या नमुन्याच्या यादीतली पहिलीच वेबसाइट आम्ही इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर मागे नेऊन पाहिली. काही वर्षांपूर्वी ती कुठल्याशा शाळेची होती: स्नेहसंमेलन, झेंडावंदन, दहावीचा निकाल. आज तिथे ऑनलाइन जुगार, झटपट कर्ज आणि केस गळतीवरचं तेल एकाखाली एक नांदतात. त्यांच्याच पंगतीत आमच्या हळदीचं पान मांडायचा आपला विचार होता. डीए मात्र शाळेचाच.

इथे आमच्या बाजारातली एक रीत सांगतो. हळद शेतातून निघाली की शिजवतात, वाळवतात आणि ढोलात घालून पॉलिश करतात. ढोलातून निघालेली कांडी अशी चमकते की शहरातला माणूस बघत राहतो. पण मोंढ्यात बीट सुरू झालं की खरेदीदार चमकेकडे ढुंकूनही पाहत नाही. तो ढिगात हात खुपसतो, वरची सोडून खालची कांडी काढतो आणि मोडतो. मोडताना कशी वाजली, आतला रंग कसा, पोकळ आहे का, किडकी आहे का, ओल राहिली आहे का, हे सगळं दोन सेकंदांत. कांडीचा भाव वेगळा, गट्टूचा वेगळा. दोन्ही मिसळून आणले तर लगेच शेरा बसतो. आणि नुसत्या चमकेला भुलणाऱ्याचं पुढे काय होतं तेही या धंद्याला माहीत आहे: रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट चोळणारी मंडळी देशात सापडलेली आहेत, आणि त्यात शिसं आहे, ते पोटात जातं. आमचा आडत्या आपल्या ईमेलीतला डीए पाहून एवढंच म्हणाला, "हे पॉलिश झालं. मोडून दाखवायला सांगा."

तर मोडून दाखवा, साहेब. वेबसाइटचा आकडा नको. ज्या पानावर आमची लिंक बसणार त्या पानाचा पत्ता द्या. ते पान गुगलच्या नोंदीत आहे का, ते इंग्रजीत 'site' लिहून अपूर्णविराम (:) आणि पत्ता टाकला की आम्हाला अंदाजे कळतं. त्या पानावर शेजारी कोण कोण आहे, ते डोळ्यांनी दिसतं. तिथे माणसं येतात का, आणि आली तर कशाच्या शोधात येतात? महिन्याला दहा हजार वाचक असतील आणि ते सगळे परदेशी गाण्याचे शब्द शोधत आलेले असतील, तर त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी परवा हळदीचा कार्यक्रम आहे?

मग आपले स्क्रीनशॉट. आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचा पहिला क्रमांक आपण लाल गोलात दाखवला आहे. गोल पाहून डोळे दिपले म्हणून खालचे शब्द उशिरा वाचले. ते शब्द एवढे लांबलचक आहेत की त्या गिऱ्हाइकाशिवाय ते कुणी शोधत असेल असं वाटत नाही. 'वसमत तालुक्यातील सेलम जातीची घरगुती हळद पावडर अर्धा किलो घरपोच' असं लिहिलं तर आम्हीही पहिले येऊ. लिंक न घेता येऊ, कारण स्पर्धेत दुसरं कुणीच नाही. दुकानाचं नाव टाकून तेच दुकान वर आलेलं दाखवणं हा याच युक्तीचा धाकटा भाऊ. त्यातून गुगल ठिकाण बघून निकाल हलवतं. वसमतला बसून दिसलेला क्रमांक पुण्यातल्या गिऱ्हाइकाला दिसेलच असं नाही. आणि चित्राचं काय सांगावं? ब्राउझरमध्ये पानावरचा मजकूर बदलून त्याचा फोटो काढणं आमच्या पुतण्यालाही येतं. त्याने परवा आमचं दुकान ॲमेझॉनच्या वर आणून दाखवलं आणि बदल्यात आईस्क्रीम घेतलं. आपल्यापेक्षा स्वस्त पडला.

म्हणून चित्र नको. गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन त्याचं सर्च कन्सोल आमच्यासमोर उघडा. शब्द कोणते, ते किती वेळा दिसले, किती जणांनी दाबले, हे तिथे दिसतं. सरासरी क्रमांक एक आणि महिन्याभरात दिसलं तीन वेळा, असं निघालं तर आपण दोघं मिळून हसू आणि चहा पिऊ.

आता थोडं अप्रिय. क्रमांक वाढवण्यासाठी पैसे देऊन लिंक घेणं किंवा विकणं गुगलच्या नियमांत बसत नाही. पैशाची लिंक असेल तर तशी खूण करावी म्हणून त्यांनी २००५ पासून 'नोफॉलो' आणि २०१९ पासून 'स्पॉन्सर्ड' ही सोय दिलेली आहे. तशी खूण कराल का, असं आम्ही विचारलं तेव्हा आपण लिहिलंत, "मग फायदा काय?" हे आपलं आजवरचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य. अमेरिकेत जेसी पेनी या मोठ्या दुकानासाठी असाच लिंकांचा ढीग जमवला गेला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते उघड केलं आणि गुगलने हात उगारला. प्रवासी बॅगेच्या एका शोधात दुकान दोन तासांत पहिल्यावरून ७१ व्या क्रमांकावर गेलं. त्यांच्याकडे निदान दुकानांची रांग होती. आमच्याकडे एकच शटर आहे. २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन नावाची सुधारणा आली आणि विकतच्या लिंकांवर उभी असलेली बरीच घरं कोसळली.

हल्ली मात्र गुगल फार रागावतही नाही. बहुतेक वेळा अशा लिंका ओळखून त्यांचं वजन शून्य धरतं, इतकंच. म्हणजे दंड नाही, नोटीस नाही, काहीच नाही. आणि ते काहीच नाही आपण पन्नास नगांच्या गठ्ठ्यात विकता. सुदैवाने आमच्याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यात, लायगो-इंडियाची प्रयोगशाळा होऊ घातली आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरींनी चार किलोमीटर लांबीच्या भुजेत झालेला, प्रोटॉनपेक्षा हजारो पटींनी लहान फरक टिपणारं यंत्र आहे म्हणतात. ते सुरू झालं की आपल्या लिंकांचा परिणाम तिथे मोजून घेता येईल. त्याआधी कठीण दिसतं.

कायद्याचंही एक ओझरतं सांगून ठेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला तो कितपत लागू होतो यावर आमचे वकील तासभर बोलले आणि त्याची फी वेगळी घेतली, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

राहिला आमच्या नावाचा प्रश्न. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची नोंद चेन्नईच्या कार्यालयात आहे, कुणीही जाऊन तपासावी. सांगलीच्या हळदीला आहे, वर्ध्याच्या वायगावच्या हळदीला आहे, तशी आता आमच्या हळदीलाही आहे. त्यासाठी माती, पाणी, इतिहास, सगळ्याचे कागद द्यावे लागले. त्याची बातमी ज्यांनी ज्यांनी दिली, ज्या शेतकी संस्थांनी आपल्या पानावर वसमतचं नाव घातलं, त्यांच्या लिंका आम्हाला फुकट मिळाल्या आणि आपण त्यांना हात लावू शकत नाही, हे पाहून आपल्याबद्दल थोडं वाईट वाटलं.

आता आमचा उलटा प्रस्ताव. 'वसमत हळद' पहिल्या क्रमांकावर आणणं आपल्या डाव्या हातचा मळ असेल, तर आगाऊ रकमेचा मोह सोडा आणि आमचे आडते व्हा. माल आमचा, गिऱ्हाईक गुगलवरून आपण आणायचं. काटा झाला, पट्टी झाली, पैसे जमा झाले की प्रत्येक क्विंटलमागे आपली अडत त्याच दिवशी. पन्नास लिंकांच्या भावापेक्षा एका हंगामात कितीतरी जास्त सुटेल. मोंढ्यातला प्रत्येक आडत्या याच बोलीवर जगतो, आणि त्यातल्या काहींनी माड्या बांधल्या आहेत. प्रस्ताव नव्या हळदीच्या आवकेपर्यंत खुला आहे; रात्री बाराची अट नाही.

कळावे, लोभ आहेच, वाढू नये ही विनंती.

आपला,
एक हळदवाला

ता. क. : याच मजकुराची ईमेल आपण आमच्या आडत्याला, खतांच्या दुकानाला आणि एका भजनी मंडळालाही पाठवली आहे, आणि चौघांनाही पहिल्या तिनातली जागा कबूल केली आहे. तिनात चौघं कसे बसवणार, तेवढं उलट टपाली कळवा.