पाणीमहालात बॉट्रिलस

नळदुर्गाहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या वर. पण इंग्लंडात सागरी जीवशास्त्र शिकणाऱ्या आमच्या भाच्याला अंतराचं सोयरसुतक नव्हतं. सोलापूरला एसटीत बसल्यापासून त्याचं ‘बॉट्रिलस श्लोसेरी’ चालू होतं. शेजारच्या बाईंना तो रोग वाटला. त्या जरा सरकून बसल्या.

किल्ल्यात बोरी नदी दुथडी भरलेली. इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. खिडकीबाहेर नर आणि मादी, दोन्ही धबधबे कोसळत होते. माणसं ओलीचिंब होऊन फोटो काढत होती. आमचे भाचेराव मोबाइलवर प्लिमथ बंदरातला शेवाळलेला दोरखंड दाखवत होते.

“मामा, हे बघा!”

दोरावर जांभळट, लिबलिबीत साय पसरलेली. हाच तो बॉट्रिलस. तिच्यात पिवळ्या चांदण्या. चांदणीची एकेक पाकळी म्हणजे दोनेक मिलिमीटरचा स्वतंत्र जीव. प्रत्येकाचं पाणी ओढायचं तोंड वेगळं, सांडपाण्याची मोरी मात्र मधोमध, सगळ्यांत एक. खडक, समुद्री गवत, धक्क्याचे खांब, जहाजाचं बूड, जिथं टेकायला मिळेल तिथं या वसाहतीचं बिऱ्हाड. जहाजांच्या बुडाला चिकटून यांनी फुकटात जग पालथं घातलं. (आमचं एसटीचं अर्धं तिकीट अजून सुरू व्हायचंय.) पिल्लू शेपूट हलवत पोहतं, त्या शेपटीत कण्याचा आराखडाही असतो, म्हणून ही मंडळी आपली लांबची भावकी. एकदा जागा धरली, की शेपूट गडप.

शेजारी धोतराचा सोगा पिळत एक म्हातारबा ऐकत होते. “दोन वसाहती शेजारी आल्या तर वो?” त्यांनी विचारलं.

भाचा खुलला. “बाबा, कडेला कडा लागली की तपासणी होते. नात्यातलं एक ठरावीक जनुक जुळलं तर रक्तवाहिन्या जोडून दोघी एक होतात. नाही जुळलं तर मधल्या सीमेवर काळे डाग पडतात, तिथलं मांस मरतं.”

“मंजी बांधावरनं भांडणं. आन् एक झाल्याव गुण्यागोविंदानं ऱ्हात्यात?”

“काही दिवस. मग पुष्कळदा एक दुसरीला हळूहळू जिरवून टाकते.”

म्हातारबांनी धोतर झटकलं. “सख्ख्यांतबी?”

“सख्ख्यांतसुद्धा.”

“तरीच. सातबाऱ्याव शेवटी एकच नाव.”